तिसरा बुधला

मी, एवारिस्तो पेत्रारोया, दिवंगत निकान्द्रो यांचा मुलगा, वय ब्याऐंशी, धंदा मास्तरकी (आता निवृत्त), राहणार रोक्कापेरा, जिल्हा काम्पोबास्सो, आज रविवारी दुपारी आपल्या स्वयंपाकघरात बसून, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

‘पूर्ण शुद्धीत’ हे शब्द लोक सवयीने लिहितात आणि पुढे जातात. मला तिथेच थांबावे लागते आहे. माझा एकुलता एक मुलगा रेन्झो याने कोर्टात अर्ज दिला आहे की बापाचे डोके ठिकाणावर नाही, त्याची सही ग्राह्य धरू नये. उद्या सकाळी गाडी येईल आणि मला खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात नेईल. एकदा तिथे गेलो की माझ्या कागदाला रद्दीची किंमत. म्हणून आजच लिहितो.

आणि हे मृत्युपत्र असले तरी माझ्या मरणाची वाट बघू नका. आजच वाचा. ठाण्यातल्या साहेबांना मी पत्रे लिहिली, सरकारी वकिलाला लिहिले, पण वेड्या म्हाताऱ्याचे पत्र कोण वाचतो? मृत्युपत्र मात्र सगळे वाचतात, शेवटच्या ओळीपर्यंत, आपल्या वाट्याला काय आले ते बघायला. रेन्झोही वाचेल. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

अक्षराबद्दल खुलासा. असे मृत्युपत्र कायद्याने सबंध स्वहस्ते लिहावे लागते. माझा उजवा हात मनगटापासून लोंबतो आहे, उचलू म्हटले तरी पंजा वर येत नाही, म्हणून डाव्या हाताने लिहितो. अक्षर माझे नव्हे असे उद्या कोणी म्हणू नये यासाठी समोर दोन साक्षीदार बसवले आहेत. दोघेही माझे जुने विद्यार्थी. एक सेस्तिलिओ, गवंडी, जन्माचा डावखुरा. पहिलीत असताना त्याचा डावा हात मी बाकाला बांधून ठेवत असे, तेव्हा सगळ्याच शाळांत तशी पद्धत होती. दुसरी एर्मेलिंदा, चौकातल्या बारची मालकीण. मघाशी पहिलीच ओळ लिहिताना माझ्या मनगटाने शाई फरफटली, तसा सेस्तिलिओ म्हणाला,

“मास्तर, कागद उलट्या बाजूला तिरका करा. आणि पेन इतकं आवळू नका, पळून नाही जात ते.”

“तुला हे कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. तुम्ही पाठ फिरवली की माझं मीच शिकायचो.”

एर्मेलिंदा हसली. मी कागद तिरका केला. आता बरे जमते आहे.

कलम पहिले. माझ्या शुद्धीबद्दल.

माझे डोके सगळा वेळ जागेवर होते असे मी म्हणणार नाही. ऑगस्टमध्ये मला दारात बाल्दो दिसला, माझा कुत्रा, जो केव्हाच मेला आहे, आणि मी त्याला भाकरीचा तुकडा टाकला. अगाफियाला मी कितीदा तरी ‘नाता’ म्हणून हाक मारली. अगाफिया ही मला सांभाळणारी बाई, आणि नाता माझी बायको इन्कोरोनाता, जिला मी स्वतः पुरले. पोटात पीळ पडायचा, तोंडात सदान्‌कदा नाणे चघळल्यासारखी चव. हॉस्पिटलात रक्त तपासले तर रक्तात शिसे निघाले. तेव्हापासून औषध चालू आहे, वाईन बंद आहे, आणि डोके निवळले आहे. हात तेवढा राहिला.

पुरावा पाहिजे? काडतूस कसे भरतात ते लिहितो. वीस वर्षे मी काडतुसाला हात लावलेला नाही, तेव्हा कोणी पढवले असेही म्हणता येणार नाही.

रिकामे कागदी नळकांडे घ्यायचे. बुडातली उडालेली ठिणगीची टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, आणि ती पितळेच्या कडेला सपाट आली की नाही हे अंगठ्याने चाचपायचे. मग मापाने बंदुकीची दारू. माप इथे लिहीत नाही, नाहीतर कोणीतरी माझ्या मृत्युपत्रावरून काडतुसे भरायला बसेल. दारूवर पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, बूच, ते लाकडी दांड्याने दाबायचे, जोर लावून नाही, झोपलेल्या पोराच्या खोलीचे दार लोटतो तसे. मग छर्रे. कस्तुरासारख्या पाखरांना बारीक, सशाला जाड. वर शेवटची चकती, तिच्यावर छऱ्याचा नंबर. मग टेबलाला आवळलेल्या यंत्राची दांडी फिरवून नळकांड्याचे तोंड दुमडायचे. भरणे चालू असताना घरात कोणी सिगारेट ओढायची नाही, पाहुणा असो की पाद्री.

हिवाळ्यात याच टेबलावर मी भरत असे. नाता चकत्या हातात देई. रेन्झो शाळेत जायच्या आधीच आकडे शिकला तो या चकत्यांवरून. “बाबा, हा सात. बाबा, हा दहा, ससोबाला नको, लागेल त्याला.” हे मला अजून ऐकू येते. ज्याचे डोके फिरले आहे त्याला हे आठवेल का, याचा विचार कोर्टाने करावा.

कलम दुसरे. झाले काय ते.

गुडघे गेले तेव्हा मी बंदूक विकली. भरायचे सामान नाताने कुठेतरी ठेवले. मला वाटले तिने विकून टाकले, तिला वाटले मला जागा ठाऊक आहे. मग ती गेली आणि सामान विसरले गेले ते गेलेच.

या ऑक्टोबरात अगाफिया तळघरातली पिठाची जुनी पेटी धुवायला उतरली. अगाफिया चोबानू, मोल्दोवाची, नाता गेल्यानंतर वर्षाभरात माझ्याकडे आली. बोलते कमी, पण बोलली की ऐकणाऱ्याला जागेवर बसवते. ती जिना चढून वर आली ती दोन्ही हात अंगापासून लांब धरून.

“मास्तर, खाली पेटीत कोणीतरी लढाई ठेवलीय.”

“कसली लढाई?”

“मला काय विचारता? घर तुमचं, लढाई तुमची. वर आणू की तिथेच देवाला सोडू?”

तिने एकेक करून सगळे या टेबलावर आणून मांडले. दांडीचे यंत्र, पितळी माप, टोप्यांची डबी, उंदरांनी कुरतडलेली नमद्याची बुचे, दोऱ्यात ओवलेल्या चकत्या. दारूचा डबा मी उघडला मात्र, आंबट उग्र वास नाकात गेला, तसा लगेच बंद करून खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवायला लावला. आणि छऱ्यांच्या कापडी थैल्या, नाताने गादीच्या खोळीतून शिवलेल्या. एक थैली रिकामी होती, तळाशी चाकूने फाडलेली. मी तिच्याकडे बघितलेसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला होता की मी चकत्या हातात घेऊन बसलो आणि रडलो. अगाफियाने मला सूप दिले आणि ती शेजारी बसून राहिली.

पुढच्याच आठवड्यात मी कोसळलो. हॉस्पिटल, रक्त, शिसे. हॉस्पिटलने ठाण्याला कळवले, ठाण्याची माणसे घरी आली. त्यांना काय दिसले? नोंद न केलेली बंदुकीची दारू. शिशाचे छर्रे. एक रिकामी थैली. आणि प्रत्येक वस्तूवर अगाफियाच्या बोटांचे ठसे. रेन्झो तिथे उभा होता. तो म्हणाला, उन्हाळ्यात जेवताना बाबांनीच सांगितलं होतं की मी गेल्यावर अगाफिया या घरात राहील. तो म्हणाला, दोघं एकाच भांड्यातलं जेवतात, मग हे आजारी आणि ही धडधाकट, असं कसं? तिला हातकडी घालून नेले तेव्हा मी हॉस्पिटलात खाटेवर होतो. एर्मेलिंदाने पाहिले. ती सांगते, अगाफियाने जाताना चुलीवरचे भांडे उतरवून ठेवले आणि शेजारणीला म्हणाली, “मास्तरांना मीठ कमी घाला.”

एकाच भांड्यातले जेवूनही ती धडधाकट कशी याचे उत्तर सोपे आहे. ती वाईनला शिवत नाही. तिचा बाप तिकडे वाईनच्या पिंपाशेजारी मेला, तेव्हापासून तिने कानाला खडा लावला आहे. शिसे सुपात नव्हतेच. ते वाईनमध्ये होते.

आमच्याकडे बुधले छऱ्यांनी धुतात. मोठा काचेचा बुधला, वेताच्या टोपलीत बसवलेला, गळा मुठीएवढा, आत हात जात नाही. मग मूठमूठ छर्रे आणि पाणी घालायचे आणि बुधला मांडीवर आडवा घेऊन घुसळायचा, छर्रे काचेवरचा गाळ खरवडून काढतात. शिकाऱ्याच्या प्रत्येक घरात बायका असेच धुतात. नाताही असेच धुवायची. पण धुण्याआधी ती छर्रे तराजूत तोलायची आणि धुऊन झाल्यावर चाळणीतून काढून पुन्हा तोलायची. वजन जुळेपर्यंत बुधल्यात वाईनचा थेंब पडायचा नाही. मी चिडवायचो, “काय गं, सोनं आहे का ते?” ती म्हणायची, “मास्तर, तुम्ही पोरं मोजता ना सहलीहून येताना?”

यंदा ईस्टरला रेन्झो आला. कधी नव्हे ते त्याने बाह्या सरसावल्या आणि तीनही बुधले धुतले. वर येऊन म्हणाला, “आईसारखे धुतले, बाबा. लखलखीत!” मला वाटले ब्रशने आणि वाळूने. मला बरे वाटले. इतके दिवसांनी पोरगा घरात काही करत होता, मी कशाला चौकशी करतो?

आईचे घुसळणे त्याने लहानपणी पाहिले होते. तोलणे पाहिले नव्हते, कारण तोपर्यंत तो खेळायला पळालेला असे. बुधले धुताना तळघरातली पिठाची पेटी त्याने उघडली असणार; थैली त्यानेच फाडली, छर्रे त्यानेच घातले, पाणी ओतून दिले आणि छर्रे आतच राहिले. वेताच्या टोपलीतून बुधल्याचा तळ दिसत नाही. त्यावर आम्ही वर्षाची वाईन भरली.

आमची वाईन माझ्या बापाच्या काळापासून आंबट. यंदा ती गोड झाली. शिशाने वाईन गोड होते हे मला आता डॉक्टरांकडून कळले. तेव्हा मी म्हटले, मरायच्या आधी एकदा तरी देवाने चांगली दिली, आणि कोणाला न विचारता एकट्याने पीत बसलो. माझा कंजूषपणा गावाच्या पथ्यावर पडला.

हॉस्पिटलच्या खाटेवर ती फाडलेली थैली माझ्या डोळ्यांसमोर आली, तेव्हा मला सगळे उलगडले. मी ओरडलो. त्यांनी मला झोपेचे इंजेक्शन दिले.

घरी आल्यावर सेस्तिलिओने तळघरातला पहिला बुधला उचलून हलवला. आत गारा पडल्यासारखा आवाज झाला. तो तसाच ठाण्यात घेऊन गेला. साहेब म्हणाले, “अहो, बुधला आज तुम्ही आणलात, शिकारी तुम्ही, मास्तरांचे चेले तुम्ही. छर्रे काल तुम्हीच टाकले नाहीत कशावरून?” आणि रेन्झोने लिहून दिले, “मी ईस्टरपासून तीच वाईन पितोय. मला काय धाड भरलीय?”

या एका वाक्यावर अगाफिया तुरुंगात बसली आहे. आणि याच वाक्याने माझ्या जिवाचे पाणी पाणी झाले आहे. कारण ते खरे आहे. ईस्टरला जाताना रेन्झो तिसरा बुधला गाडीत घालून काम्पोबास्सोला आपल्या घरी घेऊन गेला.

कलम तिसरे. अगाफिया चोबानू हिच्याबद्दल.

तिला मी काहीही देत नाही. घर नाही, घरात राहण्याचा हक्क नाही, पैसा नाही, चमचा नाही, पिठाची पेटीही नाही. उन्हाळ्यात मी जेवताना जे बोललो ते मी मागे घेतो.

हे लिहिताना माझा डावा हातही चालेनासा झाला होता, म्हणून वरच्या ओळीत डाग पडला आहे. पण जिला काही मिळणार नाही तिने विष कशासाठी घालावे? हा प्रश्न सरकारी वकिलाला पडावा एवढ्यासाठी मी तिला रिक्तहस्त ठेवतो. तिला देण्यासारखे माझ्याकडे दुसरे काही नाही. अगाफिया, तुला हे कोणी वाचून दाखवले तर शेवटपर्यंत ऐक आणि मगच शिव्या दे.

कलम चौथे. रेन्झोबद्दल.

माझे राहते घर, वरची द्राक्षांची बाग, पोस्टातली बचत, नाताचे दागिने, सगळे रेन्झोला. वाटणी नाही, अट नाही. त्याने माझ्याविरुद्ध अर्ज केला म्हणून मी त्याला डावलीन असे त्याला वाटत असेल. तसे नाही. रेन्झो, बापाला वेडा ठरवणाऱ्या मुलाला मी सगळे देतो आहे, यावरून तुझ्या वकिलाने मला वेडा म्हटले तर माझी हरकत नाही.

जुना हिशेब एवढाच की तो माझ्याच वर्गात होता आणि इतर पोरांना बापाची मेहेरनजर वाटू नये म्हणून मी त्याला सगळ्यांहून जास्त छडी दिली. तो मोठा झाल्यावर सणालासुद्धा पाहुण्यासारखा येऊ लागला. गेले तीन आठवडे तर तो आलाच नाही. फोन केला तर एकदाच उचलला.

“रेन्झो, ती वाईन ओतून टाक. नको, ओतू नकोस, तशीच ठेव, पण पिऊ नकोस!”

“बाबा, तुम्हाला त्या बाईनं पढवलंय.”

“ती तुरुंगात आहे रे, कशी पढवेल? तुझा हात कसा आहे? पोटात दुखतं का?”

“माझं सगळं ठीक आहे. तुम्ही झोपा.”

“हात वर करून दाखव!”

“फोनवर?” तो म्हणाला आणि हसला. मग त्याने फोन ठेवला. तेव्हापासून फोन वाजत राहतो, कोणी उचलत नाही. आता त्याचा वकील बोलतो.

कलम पाचवे. हत्यारे आणि इतर.

काडतुसे भरण्याचे यंत्र, पितळी माप आणि लाकडी दांडा ठाण्याने परत दिल्यास सेस्तिलिओला द्यावेत. त्याला मी शिकार शिकवली आणि तो माझ्यापेक्षा चांगला निघाला, हे आतापर्यंत बोललो नव्हतो. दारूचा डबा कोणीही घरी आणू नये. शिकारी मंडळाच्या खोलीत माझा फोटो आहे तो काढून आणावा. ज्या मंडळाने एका सशावरून मला अध्यक्षपदावरून काढले आणि तो ससा शिजवून खाल्ला, त्यांच्या भिंतीवर मला लटकायचे नाही. चकत्यांची माळ माझ्याबरोबर पुरावी.

(“मास्तर, सशाचं पण लिहिता?” एर्मेलिंदा म्हणते आहे. होय, लिहितो. मृत्युपत्र आहे, शुभेच्छापत्र नाही.)

कलम सहावे. तिसरा बुधला.

वर सगळे रेन्झोला दिले, त्यातून एक वस्तू वगळतो. काम्पोबास्सोमध्ये त्याच्या स्वयंपाकघरात असलेला वाईनचा बुधला माझा आहे. मी तो त्याला दिला नव्हता, तो घेऊन गेला होता. तो मी आजच्या आज परत मागतो आणि सेस्तिलिओ व एर्मेलिंदा यांच्या ताब्यात देतो. या बुधल्याला ईस्टरपासून रेन्झोखेरीज कोणाचा हात लागलेला नाही. अगाफिया त्याच्या घरी कधी गेलेली नाही. त्यात छर्रे निघाले तर ते कोणी टाकले याची चर्चा करायला जागा उरणार नाही.

हे दोघे आता हा कागद घेऊन निघतील. रेन्झोने दार उघडले नाही तर दाराखालून कागद आत सरकवावा आणि तिथेच बसून राहावे. मला माहीत आहे की मृत्युपत्रातली इच्छा माणूस मेल्यावर लागू होते. तेवढी वाट बघितली तर मी आधी जाईन की तो, हे मला सांगता येत नाही.

रेन्झो, हे कलम तू वाचत असशील तर मोठ्याने वाच. मला तुझ्याकडून माफी नको, घर सांभाळायला नको, बाईची भरपाईही आत्ता नको. तू पुढचा पेला पिऊ नकोस. माझ्या आयुष्यात मी तुला पुष्कळ आज्ञा केल्या. ही आज्ञा नव्हे. मी तुझ्या पाया पडतो.

पुरवणी. त्याच दिवशी, दिवेलागणीला.

वरचे लिहून झाल्यावर सेस्तिलिओ आणि एर्मेलिंदा निघाले. मी खिडकीशी बसून घाटाकडे बघत होतो. गाडी परत आली तेव्हा आत तीन माणसे होती.

सेस्तिलिओ पुढे आला आणि दारातच टोपी काढून उभा राहिला.

“बेल वाजवली, मास्तर. खूप वेळ लागला. आतून कडी नुसती खडखडत होती, उघडत नव्हती. मग दार उघडलं.” तो थांबला. “डाव्या हातानं उघडलं.”

“आणि उजवा?” मी विचारले.

“उजवा असा होता.” त्याने आपला पंजा मनगटापासून खाली सोडला. माझ्यासमोर माझाच हात होता तो.

एर्मेलिंदाने सांगितले की रेन्झोने दारातच कागद वाचला, कलम तिसरे दोनदा वाचले. नंतर म्हणाला, पेला हातातून पडायला लागला तेव्हा वाटलं मान अवघडलीय, कामाचा ताण आहे. बुधला त्याला उचलवेना. तो सेस्तिलिओने उचलला, एर्मेलिंदाने तोंडाला फडके बांधून वर मेणबत्तीचे मेण ओतले. घाटातल्या प्रत्येक वळणावर मागच्या सीटवर छर्रे वाजत होते.

रेन्झो आता माझ्यासमोर बसला आहे. त्याचा चेहरा शाडूसारखा पांढरा झाला आहे. मी म्हणालो,

“आधी हॉस्पिटल. आत्ता.”

“आधी ठाणं, बाबा. ती आत आहे.”

“तुझा हात, रेन्झो!”

“हातासकट जातो. तोच तर दाखवायचाय त्यांना. मला कुठे तिनं सूप वाढलं होतं?”

माझा मुलगा विष प्यायला ते माझ्या घरातले, आणि ज्या हाताने तो नाही म्हणत होता तोच हात आता साक्ष देणार आहे. मी सुटकेने रडतो आहे की भीतीने, हे मला कळत नाही. डॉक्टर म्हणतात, लवकर धरले तर हात परत येतो. माझा आला नाही. मी फार उशीर केला होता.

उठता उठता तो म्हणाला, “बाबा, ते तिसरं कलम खोडा.”

त्याप्रमाणे: कलम तिसरे रद्द. अगाफिया चोबानू हिला माझ्या घरात हयातभर राहण्याचा हक्क देतो. पिठाची पेटी तिची. माझ्या मुलाची या गोष्टीला संमती आहे आणि त्याला इथे सही करायची आहे. ज्याला वारसा मिळतो त्याची साक्ष धरत नाहीत हे मला माहीत आहे. तरी करू दे.

त्याने पेन डाव्या हातात घेतले. पहिल्याच अक्षराला त्याची शाई फरफटली.

“कागद उलट्या बाजूला तिरका कर,” मी त्याला सांगितले. “आणि पेन आवळू नकोस.”

हे सर्व मी वाचून पाहिले, समजून लिहिले, आणि आता हात थांबवतो. ठाण्याला जाणारी गाडी दारात उभी आहे, त्यांना जाऊ द्या.

रोक्कापेरा, रविवार, १० नोव्हेंबर २०१९.

एवारिस्तो पेत्रारोया
(डाव्या हाताने)

समक्ष:

सेस्तिलिओ दि इओरिओ, गवंडी
(डाव्या हाताने, नेहमीप्रमाणे)

एर्मेलिंदा कोलाव्हिता, बारमालकीण

रेन्झो पेत्रारोया, मुलगा
(डाव्या हाताने)